न चढणारी गाडी आणि नाखवा

"टाकीत पानी हाय."

नाखव्याचं निदान असं व्हायचं. गाडी अजून नीट थांबलेली नसायची, गिऱ्हाइकाने काच खाली केलेली नसायची आणि हा माणूस स्टुलावर बसल्या बसल्या, हातातला चहा न सांडता निकाल देऊन मोकळा. गाडी सुरू होत नाही? टाकीत पानी हाय. एसी थंड करत नाही? टाकीत पानी हाय. एकदा आमच्या सोसायटीतलं एक नवं जोडपं दाराची काच अडकली म्हणून बॅटरीवरची गाडी घेऊन त्याच्याकडे गेलं. नाखव्याने नेहमीचं वाक्य टाकलं. मुलगा म्हणाला, "काका, हिला टाकीच नाहीये." नाखव्याने एक घोट घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "मग बॅटरीत असंल."

तुमच्याही ओळखीत असा एखादा मेकॅनिक असेल आणि तो साऱ्या शहरात एक नंबर आहे असं तुम्ही चारचौघांत सांगत असाल. मी तसं काही सांगणार नाही. आमचा नाखवा बऱ्यापैकी मेकॅनिक होता आणि अव्वल दर्जाचा थापाड्या होता. त्याच्या थापांपायी मी दोन वर्षं उल्लू बनले, तरीही आज त्याच्याबद्दल लिहायला बसले आहे, यावरून काय ते समजा.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. पण ह्याच्या मालकीची होडी कधीच नव्हती. नवी मुंबईच्या करावे गावातल्या दुसऱ्यांच्या होड्यांवर तो मशीन सांभाळायचा. पुढे खाडीत मासळी कमी झाली आणि गावाच्या अंगावर टॉवर आले, तेव्हा त्याने गावाच्या तोंडाशी पत्र्याची शेड टाकली आणि होड्यांची मशीनं सोडून मोटारी हाती घेतल्या. तिथे पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याला नाखवा म्हणून हाक मारली. त्याने ती बढती निमूट स्वीकारली. समुद्रात म्हणे अर्ध्या तक्रारी खरोखरच डिझेलमधल्या पाण्याच्या असतात. माणूस किनाऱ्यावर आला, पण निदान पाण्यातच राहिलं.

त्याची तपासायची पद्धतही होडीवरचीच होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. त्या वेळी कोणी बोललेलं त्याला खपत नसे. इंजिनाशी तो फार मऊ बोलायचा, "काय झाला गो, कोनी तरास दिला," वगैरे. मालकाशी मात्र उलट. "क्लच हाय तो, फूटबोर्ड नाय, कायम पाय ठेवून बसायला," हे त्याने एका निवृत्त न्यायाधीशांना सुनावल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

आणि त्याची ट्रायल. गाडी ओढत नाही अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की तो पहिलं विचारायचा, "घरात किती मानसा?" मग त्या सगळ्या माणसांना बोलावून घ्यायचा. त्याचं म्हणणं असं, की रिकामी गाडी कोणाचीही पळते, जी माणसं रोज बसतात ती बसवल्याशिवाय तिचा दम कळत नाही. त्या सर्वांना कोंबून गाडी पारसिक हिलच्या चढावर न्यायची. मालकाने चालवायचं आणि हा मागे मधोमध बसून डोळे मिटून ऐकणार. एकदा त्याने साखरपुड्याला निघालेल्या एका कुटुंबाला असं डोंगरावर नेलं. मुहूर्त टळायला आला, आजींच्या मांडीवर पेढ्यांचे खोके, नवऱ्या मुलाला घाम. चढाच्या मध्यावर नाखव्याने डोळे उघडले आणि जाहीर केलं, "गाडी ठीक हाय. आजी जड हाय." आजींनी त्याला पेढा दिला नाही.

आता माझी गाडी. ती खरं तर माझ्या नवऱ्याची. छोटी, पेट्रोलची, सोसायटीतली वयाने सर्वांत मोठी. आपण तिच्यात बसून महाबळेश्वरचा घाट कसा तिसऱ्या गिअरमध्ये चढलो, हे तो प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली. माझी ताई उरणजवळ द्रोणागिरीला राहते. तिचे गुडघे गेलेले, मुलगा परदेशात आणि बिल्डिंगच्या आजूबाजूला गोदामांशिवाय काही नाही. तिच्याकडे आठवड्यातून दोनदा जायचं तर गाडी हवीच. म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी ड्रायव्हिंग शिकले. शिकले म्हणजे काय, मला त्याचं वेडच लागलं. आयुष्यभर लोकांच्या शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. पहिल्यांदा पाम बीच रोडला एकटी निघाले त्या दिवशी मी सिग्नलला उभी राहून मोठ्याने गात होते आणि शेजारचा रिक्षावाला मला घाबरला होता.

पण ती गाडी माझ्या हाती आली आणि तिचा जोर गेला. सपाटीवर बरी चालायची. चढ आला, की मी पाय दाबायचे आणि ती म्हणायची, मला एवढंच येतं. उलव्याच्या पुढे उरण रोडला पूल आहे. तिथे माझ्या मागे बंदराकडे निघालेला कंटेनर, पुढे चढ आणि माझी गाडी सायकलच्या वेगाने. मागचा हॉर्न असा वाजायचा, की दात हलायचे. शेजारी बसलेला नवरा म्हणायचा, "जुनी झाली गं ती, तिच्या कलाने घे." मी म्हणायचे, "तुझ्या वेळी बरी घाट चढायची." तो काचेबाहेर बघायचा.

मग नवरा गेला. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली, तेवढंच. नाखवा भेटायला आला, खुर्चीच्या टोकावर बसला. जाताना खाली पार्किंगमध्ये गाडीजवळ बराच वेळ उभा असलेला मी वरून पाहिला. मला वाटलं, जुन्या गिऱ्हाइकाची आठवण.

त्यानंतरच्या दोन वर्षांत मी त्याच्याकडे किती वेळा गेले ते मोजलं नाही. दर वेळी तक्रार एकच: चढावर दम नाही. आणि दर वेळी निदान नवं. टाकीतलं पाणी पहिल्याच भेटीत काढून झालं होतं. मग एअर फिल्टर. मग प्लग. मग पंप दमला. मग टायरमध्ये हवा कमी. एप्रिलमध्ये म्हणाला, उन्हाने पेट्रोल पातळ होतं. डिसेंबरमध्ये म्हणाला, थंडीने घट्ट होतं. एकदा बॉनेटवर कावळा बसला होता, तर त्याच्याकडे इतक्या अर्थपूर्ण नजरेने बघितलं, की मला वाटलं आता त्याच्यावरही दोष ठेवतो.

"नाखवा, तुम्हाला कळत नसेल तर तसं सांगा."

"कलतंय ना. बघू पुढच्या टायमाला."

त्या सगळ्या कामाचे पैसे तो घेत नव्हता, आणि इथेच मी सावध व्हायला हवं होतं. फुकट काम करणारा मेकॅनिक तुम्ही कधी पाहिलाय? पण मी समजले, विधवा बाई म्हणून दया दाखवतोय. त्याचाही मला रागच आला. सोसायटीत मी सर्वांना सांगत सुटले, की तो म्हातारा झालाय, त्याला आता होडी आणि मोटार यांतला फरक कळत नाही.

गाडीची पंधरा वर्षं भरत आली. पुन्हा पासिंग करायचं, तपासणी, खर्च. पुण्याहून मुलगा आला, त्याने पुलावर गाडी चालवून बघितली आणि मागच्या कंटेनरचा हॉर्न ऐकून तोच घाबरला. "आई, ही गेलेली गाडी आहे. भंगारात देऊ. सोमवारी माणूस येईल. तू कॅबने जात जा ना मावशीकडे, आरामात मागे बसून." त्याचं चुकत नव्हतं. पण 'मागे बसून' हे शब्द मला झोंबले. मला पुन्हा पर्स मांडीवर घ्यायची नव्हती. दुसरी गाडी घ्यायला मुलगा माझ्या या वयात पाठिंबा देणार नव्हता, आणि खरं सांगायचं तर दुसरी गाडी मला नकोच होती. ती माझ्या नवऱ्याची गाडी होती. सीटला अजून त्याच्या केसांच्या तेलाचा वास येत होता.

शनिवारी सकाळी मी नाखव्याच्या शेडवर गेले. निरोप घ्यायला म्हणा किंवा शेवटचं भांडायला.

"नाखवा, सोमवारी गाडी भंगारात चालली."

त्याने चहा खाली ठेवला. त्याला चहा खाली ठेवताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. "कोन बोल्ला?"

"मुलगा म्हणाला. चढत नाही, मग ठेवून काय करू?"

"इंजिन एक नंबर हाय."

"दोन वर्षं तुम्हीच मला सांगताय, टाकीत पाणी आहे."

"तो मी सगल्यांनाच बोलतो."

तो उठला, येरझाऱ्या घातल्या, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग किल्लीही न मागता गाडीचं दार उघडून स्टिअरिंगखाली डोकं घातलं. पाय बाहेर, डोकं आत, असा बराच वेळ गेला. मग आतूनच आवाज आला, "म्याडम, हितं बघा. पन आधी सांगतो, ओरडू नका."

मी वाकून बघितलं. त्याने पायाखालचं कारपेट उचललं होतं. अॅक्सिलरेटरच्या बरोबर खाली जुन्या टायरचा एक जाड तुकडा होता, साबणाच्या वडीएवढा, दोन स्क्रूंनी गाडीच्या तळाला घट्ट बसवलेला. पॅडल दाबलं, की त्याच्यावर टेकून अर्ध्यावर थांबायचं.

"हे काय आहे?"

"ह्याच्यापुढे पॅडल जात नाय. म्हनून चढावर दम नाय."

"कोणी लावलं?"

"मी."

मी तेव्हा ओरडले नाही. नाखवा बाहेर आला आणि मातीत उकिडवा बसून त्याने सांगून टाकलं. मी नुकतीच शिकले होते तेव्हा माझा नवरा एकटा, रिक्षाने, त्या अधू डोळ्यांनी त्याच्याकडे आला होता. "साहेब बोल्ले, नाखवा, हिचा पाय भारी हाय आनि डोका त्याच्याहून भारी. मना बाजूला बसून दिसत पन नाय, ही कुटं घालते ती. जरा आवर घाल. हिला कलू देऊ नको. मी सांगीन तवा काढ."

"मग?"

"मग सांगायच्या आधीच गेले."

"अहो, मग काढायचं ना तुम्ही. गुपचूप काढून टाकायचं. मला कळलंही नसतं."

"सबूद दिल्ता," नाखवा म्हणाला. "ते बोल्ले, मी सांगीन तवा. आता कोन सांगनार? दोन वरसा तोच इचार करतोय मी."

मग मात्र मी ओरडले. शेडवरचे कावळे उडाले. मागे कंटेनर असताना मी पुलावर अडकून मेले असते तर तुमच्या शब्दाचं काय लोणचं घालायचं होतं का, असं बरंच काही बोलले. नाखवा मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हनून तर दर टायमाला नवीन प्लग टाकत होतो. फिल्टर नवीन, हवा बरोबर. जेवढा पाय जातो तेवढ्यात तरी जोर लागू दे. अशी ठेवलेली गाडी आख्ख्या नवी मुंबईत नाय."

"काढा तो तुकडा."

"तुमी सांगून कसा काढू? तुमच्याच पासून तर लपवायचा होता."

या युक्तिवादाला तुमच्याकडे उत्तर असेल तर मला कळवा. मी त्याची बायको, त्याच्या मागे माझाच शब्द, वगैरे सांगून बघितलं. नाखवा हलेना. सोमवारी गाडी भंगारात जाईल हे त्याला मान्य नव्हतं आणि दिलेला शब्द मोडणंही मान्य नव्हतं. मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. तो शेडमागे गेला आणि जास्वंदीच्या दोन लाल पाकळ्या घेऊन आला. पाण्यात बुडवून त्याने त्या गाडीच्या पुढच्या काचेवर चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. त्यांच्या गावदेवीला लावतात तसा कौल. उजवी आधी पडली तर साहेबांचा होकार, डावी पडली तर नकार.

आणि तो बॉनेटसमोर हात जोडून उभा राहिला आणि रस्त्यावरच्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याने माझ्या नवऱ्याला गाऱ्हाणं घातलं. "साहेब, आयका. म्याडम आता गाडी चालवते. चांगली चालवते असा नाय बोलत मी. वलन घेताना सिग्नल देत नाय. रिक्षावाल्याला शिव्या देते, त्या मना पन नवीन होत्या. पन कोनाला ठोकली नाय अजून. बहिनीकडे जाते, घरी येते. सोमवारी तुमची गाडी तोडायला मानूस येतोय. मना माजा सबूद मोकला करा."

मी हसत होते, की रडत होते, ते मलाही सांगता येणार नाही. भाजीवाला थांबला होता. शाळेची बस थांबली होती. आम्ही सगळे त्या दोन पाकळ्यांकडे बघत होतो. वारा नव्हता. थोड्या वेळाने एक पाकळी सुटली, काचेवरून घसरली आणि वायपरवर पडली.

डावी.

माझ्या मनात आलं, मेल्यावरही ऐकायचं नाही म्हणजे नाही. नाखवा त्या पाकळीकडे बघत राहिला. मग त्याने हळूच दार उघडलं, ड्रायव्हरच्या सीटवर बसला, आतून काचेकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्याडम, साहेब कुटं बसायचे? आत ना? मग ते आतून बघनार का भायेरून?" त्याने उजवा हात वर करून दाखवला. "हितून बघा. उजवी हाय."

आणि मी पुढे काही म्हणायच्या आत त्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन तो टायरचा तुकडा काढलासुद्धा. दोन वर्षं ज्या शब्दासाठी त्याने माझ्या शिव्या खाल्ल्या, तो त्याने माझ्यासाठी असा वाकवला. त्याला ते कळत होतं.

पद्धतीप्रमाणे ट्रायल झालीच पाहिजे. घरात किती मानसा, असं त्याने विचारलं नाही. मी चालवायला, तो मागे मधोमध. पारसिकचा चढ सुरू झाला आणि मी पाय खाली दाबला. पॅडल जात राहिलं, जात राहिलं, आणि गाडी अशी उसळली, की माझं डोकं मागे आदळलं. त्या चढावर मी नवऱ्याशी मनसोक्त भांडले. लबाड माणसा, शेजारी बसून म्हणायचास, जुनी झाली, तिच्या कलाने घे. मला विचारलंस? तो गेल्यापासून सर्वांनी मला त्याच्या चांगल्या गोष्टीच सांगितल्या होत्या. त्याच्यावर चिडायला काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. आता एकदम एवढं मोठं कारण हाती आलं आणि तो पुन्हा माझ्या शेजारी येऊन बसल्यासारखा झाला. मागून नाखवा काकुळतीने म्हणत होता, "म्याडम, हलू. म्याडम, साहेब बरोबर बोलत होते." वर पोचल्यावर तो उतरला, झाडाला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमी जावा. मी चालत येतो."

सोमवारी भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला. मुलाला फोनवर सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबांनी मला शिकवलं तेव्हा पण गाडी चढायची नाही." तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की नाखव्याचं हे पहिलंच काम नव्हतं. गाडी पासिंगला पहिल्या झटक्यात पास झाली. त्यानंतर उरणच्या पुलावर मी कंटेनर मागे टाकायला लागले. ताई माझ्याबरोबर फक्त एकदा बसली.

नाखवा गेल्या थंडीत गेला. ताप आला, अंगावर काढला, संपला. शेडमध्ये आता त्याचा पुतण्या बसतो. गाडीला वायर जोडून पडद्यावर वाचतो आणि जे सांगतो ते बरोबर निघतं. चांगला आहे, सभ्य आहे. मी तिथे गेले, की मला करमत नाही.

त्याची बायको करावे गावाच्या नाक्यावर मासळी विकते. तिचं सुतक संपून ती परत बसायला लागली, तेव्हा भेटायला गेले. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. मी कोण ते सांगितलं. ती म्हणाली, "तू ती? पारसिकवाली?" आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी पाटीत चुकून आलेली वेगळीच मासळी. घरी येऊन तो तिला सगळं सांगायचा म्हणे. कोणाची गाडी, कोण कोण बसलं होतं, किती उंच चढली. इतकी माणसं डोंगरावर नेली, तिला मात्र कधी नेलं नाही. त्याची स्वतःची गाडीच नव्हती, आणि दुसऱ्याच्या गाडीत त्याच घरची माणसं बसायची, हा नियम.

"बाय," ती म्हणाली, "मना पन ने ना एकदा वर."

मी तिला पुढच्या सीटवर बसवलं. कोलंबीच्या वासासकट. पट्टा बांधून दिला. तिने पिशवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी पारसिकला गाडी वळवली आणि त्या सबंध चढावर पाय कुठेही हलका केला नाही. गाडी एका दमात वर गेली. बाकाशेजारी मी ती थांबवली. खाली खाडी दिसत होती, पलीकडे टॉवर, आणि त्यांच्या पायाशी कुठेतरी तिचं गाव.

तिने आधी मागे वळून आम्ही चढलेला रस्ता बघितला. मग माझ्याकडे बघितलं.

"एवराच चढ?" ती म्हणाली. "यो तर घरी येऊन सांगायचा, केवरा मोठा डोंगर हाय."

आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. मी इंजिन बंद केलं.